कपाटाची खालची बाजू

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अठरा वर्षं घरसामान हलवायच्या कामावर होता. बाप परमुलखातला, काळा, कुरळ्या केसांचा, उंचापुरा. आई आपल्यातली, गव्हाळ, चणीनं बारीक. पोरगा दोघांच्या मधला. कामावर सगळे त्याला पैलवान म्हणायचे. जन्मात कधी कुस्ती खेळला नाही हो तो.

जिन्यातून कपाट चढवायला दोघं लागतात. वरचा वाट दाखवतो, खालच्याच्या छातीवर सगळं वजन. दर मजल्याला अदलाबदल करायची, अशी रीत. पण ह्याच्या बाबतीत कसली रीत! मुकादम म्हणायचा, तुझ्यात बापाचं रक्त आहे, तुला काय धाड भरलीय. आणि ह्यानं कधी पाठीला हात लावला की तोच मुकादम दात काढायचा, बघा, आईवर गेला. म्हणजे ताकद बापाची, दुखणं आईचं. मग ह्याचं स्वतःचं काय होतं, मेल्यांनो?

तोही वेडा, हसण्यावारी न्यायचा. कुरकुर केली तर आपण पुरुष कसले, असं घेतलेलं डोक्यात. बायको पाठीला तेल चोळायची तेव्हा उशीत तोंड खुपसून पडायचा, हूं नाही की चूं नाही. शेवटी डॉक्टरनं सांगितलं, असंच उचलत राहिलास तर वर्षभरात पोटचं लेकरूसुद्धा उचलता यायचं नाही. तेही कामावर बोलला नाही.

मग एकदा चौथ्या मजल्यावर तीन दारांचं कपाट न्यायचं होतं. वर मुकादमाचा मेहुणा, शिट्टी वाजवत. दुसऱ्या मजल्यावर ह्यानं कपाट हळूच टेकवलं.

"आता तू खाली ये."

मेहुण्याला गंमत वाटली. ह्यानं सरळ सांगितलं, "माझी पाठ दुखते."

मुकादम धापा टाकत वर आला. "तुझी? तुझ्या बापाची माणसं कधी दुखतं म्हणत नाहीत."

"बापाचीही दुखायची. कुणी विचारलं नाही."

मुकादमानं कामावरून काढायची धमकी दिली, नको नको ते बोलला. हा कठड्याला टेकून उभा. जिना अडलेला, वरची माणसं वर, खालची खाली, सगळी मुकादमाच्याच नावानं ओरडायला लागली. मग काय करतो, मेहुण्याला खाली पाठवलं.

तिसऱ्या पायरीलाच मेहुण्याचे पाय लटपटले. हा वरून सांगत होता, गुडघे वाकव, कपाट छातीशी धर, घाई करू नकोस. एका शब्दानं टोमणा मारला नाही. मी असते तर सोडला नसता.