मामांच्या कॉम्प्युटरमधले रंग

“म्हना परत.”

मामा कुणाशीही बोलले, की शेवटी हे दोन शब्द यायचेच. चहावाल्याला सांगायचे, “दोन च्या, एक बिनसाखरेचा. म्हना परत.” चहावाला बिचारा म्हणायचा, “दोन च्या, एक बिनसाखरेचा.” मग मामांची मान समाधानानं हलायची. एसटीच्या कंडक्टरलाही ते सोडत नसत. “न्हावऱ्याला उतरनारे. म्हना परत.” कंडक्टर परत म्हणायचे नाहीत ते नाहीतच, वर तोंड फिरवायचे, आणि मामा न्हावऱ्यापर्यंत अस्वस्थ बसायचे.

अशी सवय एखाद्याला का लागते, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. मामा काही माझे सख्खे मामा नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. दौंडला रेल्वेत ते मालगाडीचे ड्रायव्हर होते. इंजिनात दोन माणसं असतात. सिग्नल दिसला की एकानं त्याचा रंग मोठ्यानं म्हणायचा आणि दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा. “दोन तोंडांनी म्हनल्याबिगर सिग्नल खरा न्हाई, ताई,” असं मामांनीच मला एकदा समजावलं होतं. आयुष्यभर हेच केल्यावर ते चहापर्यंत पोचलं, तर त्यात नवल काय?

शिरूरला एसटी स्टँडसमोरच्या एका गाळ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. बाई स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेली पाहून पुष्कळ लोक दारातूनच विचारायचे, “मालक कुठंयत?” मामा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी तसं विचारलं नाही. “जय भीम, ताई,” म्हणाले, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, “मला कॉम्प्युटर पायजे. रेल्वे चालवायचा गेम चालला पायजे त्याच्यावर.”

पन्नाशीचा, भरघोस मिशांचा माणूस. मला वाटलं, मुलांसाठी असेल.

“माझ्यासाठीच,” मामा म्हणाले. “रेल्वेत हाय मी.”

दिवसभर इंजिन चालवून आलेला माणूस घरी बसून परत इंजिनच चालवणार, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. पण गिऱ्हाइकाला असं विचारायचं नसतं. पुण्यातलं एक गेमिंग पार्लर बंद पडलं होतं, तिथला एक जुना पण दणकट कॉम्प्युटर माझ्याकडे आला होता. तो मामांनी घेतला. वडगाव रासाईला त्यांचं घर होतं. मामी तिथंच राहून शेती बघायच्या आणि मामा सुट्टीला यायचे. कॉम्प्युटर तिथं ओटीवर बसला.

नंतर काही महिने मामा आले की नुसत्या तक्रारी. तक्रारी म्हणजे गेममधल्या रेल्वेच्या. “परदेशातली गाडी हाय, पन ब्रेकला दम न्हाई.” “डबं एवढं आन् धक्का कसा बसंना?” “हॉर्न वाजवला तरी म्हशी उठंनात.” मी हसायचे. तेही हसायचे, पण गेम सोडायचे नाहीत.

एका उन्हाळ्यात ते कॉम्प्युटरचा डबा मॉनिटरसकट चादरीत गुंडाळून, एसटीतून मांडीवर घेऊन आले.

“ताई, ह्याचं रंग गेल्यात.”

मी वायर जोडल्या, चालू केला. चित्र ठीक दिसत होतं. हिरवी झाडं, निळं आभाळ.

“ठीक तर आहे, मामा.”

“ठीक कुठं? फिकं हाय. सिग्नलचा रंग कळंना. मी पिवळा म्हनून जातो आन् गेम म्हनतो, तुमी लाल मोडला. खेळ संपतोय.”

मी पुन्हा पाहिलं. खरं सांगते, मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. पण समोर उभा होता तो सिग्नल बघता बघता केस पिकलेला माणूस. त्याला रंगातला फरक दिसतोय आणि मला दिसत नाही, म्हणजे माझीच नजर कच्ची, असं मी धरून चालले. आता आठवलं की चमत्कारिक वाटतं. त्या दिवशी मी माझ्या डोळ्यांपेक्षा त्यांच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला.

आधी मॉनिटरची वायर बदलली. मग मॉनिटरच बदलून दिला. मामा घरी नेऊन बघायचे आणि पुढच्या सुट्टीला परत हजर. “फिकंच हाय.” घरी विजेचा दाब कमी असेल म्हणून एक स्टॅबिलायझर दिला. तरी फिकंच. शेवटी मीच म्हणाले, “ग्राफिक्स कार्ड जुनं झालंय. पडद्यावरचं चित्र तेच काढतं. नवीन टाकून बघू.”

“चित्र त्ये काढतं?” मामांनी डब्यात वाकून बघितलं. “मग चूक त्याचीच. बदला.”

चूक कार्डाच्या माथी गेल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मला अजून आठवतो. एवढं काय झालं, असंही तेव्हा मनात आलं. पण मी कार्ड मागवायच्या गडबडीत होते.

त्या वर्षांत आमच्या धंद्यात सगळाच गोंधळ होता. मदरबोर्डवर कार्ड बसवायची खाचच बदलत चालली होती. पुण्याहून आलेलं कार्ड चकचकीत होतं, पंखाबिंखा लावलेला, पण ते नव्या खाचेचं निघालं. मी ते उलटंसुलटं करून बघत होते, मामा माझ्या खांद्यावरून.

“बसंना व्हय?”

“खाच वेगळी आहे, मामा.”

“म्हंजी ब्रॉडगेजचं इंजिन नॅरोगेजवर चढवताय!”

ते परत पाठवलं. दुसरं आलं, ते बसलं. पण गेम सुरू केला की कॉम्प्युटर फट्‌दिशी बंद. मी कार्ड काढून बघितलं, रॅम काढून बघितली, काही केल्या कळेना. मामा ऐकत होते, म्हणाले, “चढाला दम निघंना त्याला. वझं वाढलंय.” नव्या कार्डाला जुना पॉवर सप्लाय पुरत नव्हता, हे मलाही त्याच वेळी सुचलं, कुणाला आधी, ते सांगता येणार नाही. पॉवर सप्लाय बदलला. मग पडद्यावर पाटी आली, ड्रायव्हर सापडत नाही.

“काय म्हनतोय?”

“ड्रायव्हर मिळत नाही म्हणतोय.”

मामा स्टुलावर ताठ बसले. “हितं बसलोय की!”

दुकानात कवठे येमाईचे एक मास्तर शाळेचे पेपर छापून घ्यायला थांबले होते. ते इतके हसले, की त्यांच्या हातातला चहा सांडला. कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामलाही ड्रायव्हरच म्हणतात; कार्डाबरोबर आलेली सीडी घातली आणि तो ड्रायव्हरही सापडला.

गेम सुरू झाला. काय चित्र होतं! पावसानं धुतल्यासारखे रूळ, बोगद्याच्या तोंडाशी गवत, गवताची पाती वेगवेगळी. मास्तरही खुर्ची ओढून पुढं आले. मामांनी चष्मा पुसला, डाव्या हातानं कीबोर्डवर गाडी सोडली. वळण आलं. वळणापुढं सिग्नल.

“पिवळा,” मामा मोठ्यानं म्हणाले. “म्हना परत.”

मी पडद्याकडे बघत होते. सिग्नल लाल होता. कुंकवासारखा लालभडक.

वाटलं, नवीन कार्डातही दोष आहे का? पण दोष असता तर मलाही पिवळाच दिसला असता. मग त्यांना पिवळा का? एकाच पडद्याकडे आम्ही दोघं बघतोय.

“म्हना की, ताई.”

“लाल आहे, मामा.”

गाडी सिग्नल ओलांडून गेली. खेळ संपला.

मामांनी पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच वळण. या वेळी त्यांनी स्वतः काही म्हटलंच नाही. मास्तरांकडे वळले. “गुरुजी, तुमी सांगा.”

“लाल,” मास्तर सहज म्हणाले. त्यांना काय माहीत?

मामांनी कीबोर्ड बाजूला सारला. मग म्हणाले, “ताई, जुनं कार्ड घाला परत.”

“जुनं? कशाला?”

“घाला तर.”

मी नवं कार्ड काढलं, जुनं बसवलं. चित्र मघाशीपेक्षा भरड आलं, गवताची पाती एकमेकांत मिसळली. सिग्नल आला.

“कोनता?”

“लाल.”

“म्हंजी जुनं कार्ड बी बरोबरच व्हतं,” मामा म्हणाले.

मास्तर छापलेले पेपर घेऊन गेले. बाहेर स्टँडवर गाड्यांचा पुकारा चालला होता. मामांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला.

“मागं एकदा इंजिनावर मी पिवळा म्हनलं,” ते हळू बोलायला लागले. “असिस्टंटनं परत म्हनायला पायजे का न्हाई? त्यो गप्प. नुस्ता माझ्याकडं बगतोय. मला वाटलं, डुलकी लागली त्याला. मग एकदम वरडला, लाल हाय मामा, लाल! ब्रेक मारला. थांबली गाडी, सिग्नलच्या अलीकडंच थांबली. मी त्याला म्हनलं, काचंवर ऊन आलं व्हतं.”

“आणि आलं होतं का ऊन?”

“ऊन व्हतं, ताई. ऊन व्हतंच. म्हनून तर कळंना.”

मग त्यांनी माझ्या टेबलावरचा फोन पुढं ओढला. ड्रायव्हर लोकांना जिथून ड्यूटी मिळते त्या दौंडच्या कचेरीचा नंबर फिरवला. संध्याकाळी त्यांना मालगाडी घेऊन निघायचं होतं. पलीकडून कुणीतरी हसत बोललेलं मलाही ऐकू आलं.

“आज मला गाडी लावू नका,” मामा म्हणाले. “आजारी न्हाई. डोळं तपासायचं हायती. रंग दिसंनात मला.” पलीकडचं हसणं थांबलं. “म्हना परत,” मामा म्हणाले.

त्यानं काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. मामांनी फोन खाली ठेवला, कपाळावरचा घाम पुसला आणि मला म्हणाले, “नवं कार्डच घाला परत. चांगलं हाय.”

रेल्वेची डोळ्यांची तपासणी अजून लांब होती. ते गप्प राहिले असते तर तोवर कुणाला कळलं नसतं. त्यांच्या वस्तीतून इंजिनावर चढलेला तो पहिला माणूस. लहानपणी नदीपलीकडच्या गाडीची शिट्टी ऐकून भाकरी खाली ठेवून पळायचा, असं मामी सांगायच्या. डोळ्यांच्या मागची नस सुकत चालली आहे, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. चष्म्यानं होण्यासारखं नव्हतं. मामांना इंजिनावरून उतरवून दौंडलाच कचेरीत काम दिलं. तिथं ते ड्यूटीवर निघालेल्या ड्रायव्हरांना पाणी भरून घेतलं का, डबा घेतला का, असं विचारत बसायचे. कॉम्प्युटर त्यांनी गावातल्या विहारातल्या अभ्यासिकेला देऊन टाकला.

पुढं ते निवृत्त होऊन वडगावला आले, तेव्हा मी एकदा त्यांना भेटायला गेले. तोवर त्यांना माणसाचा नुसता आकार दिसायचा. मामींनी भाकरी केल्या, वांग्याचं भरीत केलं. मामा माझ्या धंद्याची चौकशी करत होते. खूप दिवस माझ्या मनात एक प्रश्न होता, तो मी विचारला.

“मामा, तुम्ही माझ्याकडे कॉम्प्युटर दुरुस्त करायला यायचा, की डोळे तपासायला?”

मामांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

“मलाच कळलं न्हाई, ताई,” ते म्हणाले. “कार्ड बसंना तवा मला बरं वाटायचं. बसलं तवा भ्या वाटलं. आता तुमीच सांगा, काय म्हनायचं ह्याला?”

मामींनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

निघताना ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले. मी त्यांचा हात धरला होता, पण वाट तेच दाखवत होते. “हितं खड्डा हाय.” “आता उसाच्या फडाची वाफ अंगाला लागंल बघा.” एसटी मला दिसायच्या आधी त्यांना ऐकू आली. गाडी थांबली, मी चढले. गर्दी होती, पुढं जागा नव्हती, म्हणून मला मागच्या खिडकीत बसावं लागलं.

मामा रस्त्याच्या कडेला उभे राहून पुढच्या खिडकीकडे बघत हात हलवत होते. त्या खिडकीत मांडीवर भाजीची पिशवी घेतलेली एक अनोळखी बाई होती. तिनं आधी गोंधळून मागं पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत मामांकडे. गाडी सुटली. तिनं पिशवी एका हातात सावरली आणि दुसरा हात खिडकीबाहेर काढून, गाडी वळेपर्यंत हलवत राहिली.