पटाची मोटार

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा आधीच परवानगी देऊन टाकतो. माणूस मोटार कशासाठी घेतो? फिरायला, मिरवायला, सासुरवाडीला जायला. मी घेतली ती बोलायला कोणी नव्हतं म्हणून!

साठ सालानंतरची गोष्ट. भरवेलीच्या मँगनीज खाणीत मी स्टोअरबाबू होतो. आई गेली होती, लग्न जमत नव्हतं. संध्याकाळी क्वार्टरमध्ये आवाज करणारा एकटा स्टोव्ह, तोही रॉकेल असेपर्यंत. कॉलनीतले लोक वाईट नव्हते हो. "काय बाबू?" म्हणायचे आणि उत्तर यायच्या आत सायकल पुढे काढायचे.

अशात वारासिवनीच्या एका राइस मिलवाल्यानं आपली म्हातारी मोटार मातीमोल विकायला काढली. कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. मी कोंबड्या उतरवल्या आणि मोटार घेऊन आलो.

धूर सोडत ती कॉलनीत शिरली आणि काय चमत्कार! माझ्या दारात माणसं! शेजारचा सुखदेव, खाणीतला ड्रिलर, ज्यानं कधी चिमूटभर साखरसुद्धा मागितली नव्हती, तो टायरला लाथ मारून म्हणाला, "बाबू, हे काहून घेतली?"

आता 'तुम्ही याल म्हणून' असं कसं सांगायचं? खाणीचे एक इंजिनीअर साहेब बिरश्याकडच्या विमानांच्या ओसाड धावपट्टीवर हौशी लोकांच्या मोटारींची शर्यत भरवणार होते, हे नुकतंच कानावर आलं होतं. मी छाती फुगवून बोलून गेलो, "शर्यतीसाठी!"

झालं! आमच्या लोकांना शर्यत एकच माहीत, बैलांचा पट. जोडी सरळ सुटते, टोकाला आधी पोचेल ती जिंकली, विषय संपला. सुखदेवच्या सासऱ्याची पटाची जोडी होती, म्हणजे सुखदेव आपोआप मोटारीचा जाणकार ठरला.

"पयले हलकी करा हिले. पटाच्या छकड्यावर गोणपाट बी नसते, अन् तुमच्या गाडीत गाद्या हायेत!"

मग रोज संध्याकाळी पान्हे घेऊन मंडळी हजर. दारं निघाली. छत निघालं. मागची सीट निघाली. शेवटी माझ्या शेजारच्या सीटला हात लागला, तेव्हा मी कुरकुरलो, "कोणी सोबत आलं तर?"

"तुमच्या बाजूले कोण बसते बाबू?" सुखदेवनं विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं. मला मात्र ते फार लागलं. तीही सीट निघाली.

जरा चालवून बघतो म्हटलं तर सगळे अंगावर आले. "पटाच्या आधी जोडी जुंपते का कोणी? आराम करू द्या तिले!" म्हणून मोटार आराम करत होती. बायाबापड्या तिला हळदकुंकू लावत होत्या. एका म्हातारीनं तर बॉनेटसमोर गुळाचा खडा धरला! मी चहा करून करून थकत होतो, कप पुरत नव्हते. खरं सांगू? तेवढे सुखाचे दिवस मी नंतर पाहिले नाहीत.

शर्यतीला अख्खी कॉलनी ट्रक करून आली, ढोलांसकट. साहेब नियम सांगत होते, पण आमच्या ढोलांपुढे मला त्यांचे नुसते ओठ दिसले. झेंडा पडला आणि मी जो सुटलो! बाकीच्या मोटारी मध्येच रिकाम्या ड्रमला वळसा घालून माघारी फिरल्या. मला वाटलं, घाबरले! मी थेट टोक गाठलं. तिथं आमची माणसं, पटात जोडी धरायला असतात तशी, उभीच होती. गुलाल उधळला, मला खांद्यावर घेतलं.

तेवढ्यात साहेब धावत आले. "अरे बाबू, उतर क्यों गए? ड्रम से मुड़ना था! अभी तो चक्कर बाकी हैं!"

सुखदेव भडकला. "बाकीचे हारून राह्यले म्हणून चक्कर वाढवता काय, साहेब?"

पण त्याच्या पाठीमागे मोटारी पुन्हा वळताना मला खांद्यावरून स्पष्ट दिसत होत्या. मी सगळं समजलो. तरी 'उतरवा मला' म्हटलं नाही. इतक्या माणसांनी एकाच वेळी मला कधी धरलं होतं?

निकालात माझं नावच नव्हतं. परत निघताना मंडळी ट्रकमध्ये चढून गाऊ लागली. मागे मी, बिनछताच्या मोटारीत एकटा. 'या ना कोणीतरी' तोंडावर आलं होतं, पण बसवणार कुठे? वाटेत एका सपाट रस्त्यावर मला राहवेना. मी इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि हॉर्नवर हात ठेवला.

ट्रक थांबला. सगळे खाली उतरले.

"काय झालं बाबू?"

"बंद पडली!"

मग ढकलाढकली आणि काय ती चेष्टा! "बाबू, येथं ड्रम नाही ना ठेवला कोणं?" कोणी माझ्या लग्नाचं काढलं, कोणी पोरगी सुचवली. सुखदेव माझ्या बाजूची बिनदाराची चौकट धरून मोटार रेटत माझ्याशी बोलत चालला होता. "बाबू, एकटेच काहून शिजवत बसता? उद्या जेवाले या घरी."

मी "हौ" म्हणालो. तेवढ्यात त्याची नजर स्टिअरिंगखाली गेली.

"बाबू, किल्ली कोठी हाय?"

माझा हात, मूर्ख कुठला, आपण होऊन खिशावर गेला!

सुखदेवनं कपाळावरचा घाम पुसला. "आमी येथं बैलावानी जुतून राह्यलो, अन् किल्ली तुमच्या खिशात!" बाकीच्यांनी तर जे ऐकवलं ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही. सगळे ट्रकमध्ये चढले, ट्रक गेला. जेवायचं अजून नक्की आहे का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

रस्ता मोकळा झाला. मी गुपचूप किल्ली काढली, लावली, फिरवली.

या खेपेला मोटार खरोखरच बंद पडली होती!