मागचा कुठला आवडला?

काजूपाड्यात आमच्या चाळीच्या जिन्याखाली तुळशीदासची व्हिडिओ लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे काय, माणूस ताठ उभा राहिला तर डोक्याला पायरी लागेल एवढी जागा. बोरीवलीत तेव्हा गल्लीगल्लीत व्हिडिओवाले निघाले होते. ते बाहेर नव्या पिक्चरची पोस्टरं लावून हाका मारायचे. हा मात्र आलेल्या गिऱ्हाइकाला कॅसेट द्यायच्या आधी विचारायचा, "मागचा कुठला आवडला?" पिक्चरचं नाव सांगून सुटका नसायची. "त्यातलं काय आवडलं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला.

मला या चौकशीचा राग यायचा. शाळेत शिकवून घरी आलेल्या बाईने दोन घटका मन रमवायला कॅसेट मागावी, तर तिचीच परीक्षा कशाला? मी तोंडावर बोलायचे. तो हसायचा आणि शेवटी जी कॅसेट हातात ठेवायचा ती मला आवडायचीच. याचाही रागच यायचा.

गिरणीच्या संपाने तुळशीदासची नोकरी गेली. वर्षभर तो नुसता बसून होता. मग दुबईच्या मेव्हण्याने व्हीसीआर पाठवला आणि हा धंदा सुरू झाला. स्वतः तो फारसे पिक्चर बघत नसे. बघणाऱ्यांना बघायचा. आमच्याकडचे रिटायर हवालदार धोंडिराम नेहमी मारामारीचा पिक्चर मागत. याने खोदून विचारलं, कुठली मारामारी आवडली? हवालदार सांगू लागले ते मारामारी संपल्यावर आई पोराच्या जखमा धुते त्याबद्दल. याने मुकाट्याने एक कौटुंबिक पिक्चर काढून दिला. दुसऱ्या दिवशी हवालदार लाल डोळ्यांनी आले आणि म्हणाले, "असलाच अजून एक दे." समोरच्या सोसायटीतल्या जयंतीबेनना विनोदी पिक्चर लागायचे, पण त्यात सगळं घर एका टेबलावर जेवताना दिसलं पाहिजे. त्यांचे मुलगे वेगळे राहायला गेले होते. हे तुळशीदासने कोणाला विचारलं नव्हतं, त्यांच्या आवडीवरून ओळखलं होतं.

तुळशीदासची बायको मथुरावहिनी. मालवणकडची, कमी बोलणारी, चाळीत कोणाकडेही कार्य निघालं की न सांगता पदर खोचून उभी राहणारी. तुळशीदास लग्नाच्या कॅसेटींच्या कॉपीही काढून द्यायचा. ते काम घरी चालायचं. दोन मशीन एकमेकांना जोडायची, एकावर लग्न लावायचं, दुसऱ्यावर उतरवून घ्यायचं. लग्न जेवढं लांब तेवढा वेळ ते चालणार. तुळशीदास बटण दाबून खाली लायब्ररीत निघून जायचा आणि वहिनी भाजी निवडत टीव्हीसमोर बसून राहायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "मी मशीन बघतंय." आम्हाला ते खरंच वाटायचं.

मग त्यांच्या पोटात दुखायला लागलं. इस्पितळाच्या फेऱ्या झाल्या, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, घरी न्या, त्यांना काय हवं नको ते बघा. या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

तुळशीदासने ते वाक्य जसंच्या तसं घेतलं. हवं नको बघायचं म्हणजे काय, तर त्याला जे येत होतं तेच. त्याने टीव्ही खाटेच्या पायथ्याशी ओढून आणला आणि रोज नवी कॅसेट लावू लागला. देवाधर्माचे पिक्चर लावले. कोकणातली म्हणून दशावतारासारखे राक्षस-देवांचे लावले. हसवणारे लावले, रडवणारे लावले. वहिनी थोडा वेळ बघायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या. "बघतंय, बघतंय," म्हणायच्या, डोळे मिटलेले. तो कॅसेट काढायचा आणि डब्यात आपटायचा. बायको हातची चालली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर एकदा, फक्त एकदा बरं वाटल्याचं दिसावं एवढंच त्याचं मागणं होतं. त्याची ती धडपड बघवत नव्हती.

एका दुपारी मी पेज घेऊन गेले तेव्हा तो कॅसेटींच्या ढिगाऱ्यात बसला होता. मला म्हणाला, "मालनताई, हिला काहीच आवडत नाही. काय लावू?"

माझं तोंड तसं फटकळच. म्हटलं, "तुळशीभाऊ, अख्ख्या काजूपाड्याला विचारता, मागचा कुठला आवडला म्हणून. वहिनींना विचारलंत कधी?"

त्याने हातातली कॅसेट बाजूला ठेवली. मग खाटेजवळ सरकला आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं, पण अगदी हळू विचारलं, "मथुरा, आतापर्यंत बघलंस त्यातला तुका काय आवाडला?"

वहिनींनी डोळे उघडले. "लग्नां," म्हणाल्या. "तुमी कॉपी काढूक आणतास, ती." दम घेतला. "नंदाच्या लग्नाची लावा. ती माका परत एकदा बघूची आसा."

नंदा म्हणजे वरच्या मजल्यावरच्या रुक्मिणीची मुलगी. तिचं लग्न आमच्या चाळीच्या आवारात मांडव घालून झालं होतं आणि वर्षाच्या आत ती माहेरी परत आली होती. का आली, याची चौकशी चाळीने पोटभर केली. तिची कॅसेट रुक्मिणीने कपाटात तळाशी टाकली होती. घरात त्या लग्नाचा विषय निघत नव्हता.

तुळशीदास वर गेला. मीही मागोमाग गेले, कारण रुक्मिणी काय बोलेल ते मला ठाऊक होतं. ती दारातच अडून उभी राहिली. "लग्नाची कॅसेट अशा घरात कशी देऊ, भाऊ? शुभकार्याची वस्तू ती. पोरीचं आधीच काय कमी वाईट झालंय?"

तुळशीदास परत जिन्याकडे वळला. मला राहवलं नाही. "रुक्मिणी, त्याच शुभकार्यात ती बाई सकाळपासून राबत होती, तेव्हा चाललं तुला!" आवाज चांगलाच चढला असावा, कारण शेजारची दारं उघडली. रुक्मिणी रडायला लागली. वाईट बाई नव्हती ती. घाबरलेली आई होती.

तेवढ्यात आतून नंदा आली. हातात कॅसेट होती. "आई, त्यात काय फक्त माझंच लग्न आहे का गं?" एवढंच म्हणाली आणि आमच्या पुढे जिना उतरू लागली.

मी आणि नंदा खाली बसलो. तुळशीदासने वहिनींना उशीला टेकवून बसवलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. नंदाने स्वतःचं लग्न परत आल्यापासून पाहिलं नव्हतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. वहिनींनी तिचा हात धरला, पण त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही. मग पंगत आली.

"थांबवा," वहिनी म्हणाल्या.

त्याने पॉज दाबला. थरथरत्या चित्रात एक बाई वरणाची बादली घेऊन वाकली होती. हिरवं लुगडं, केसात अबोली, भरलेला चेहरा. मथुरावहिनी.

"ही बघा मी," त्या म्हणाल्या. "तेवा किती बरी होतंय." त्यांच्या घरात त्यांचा धड एक फोटो नव्हता, हे मला तेव्हा आठवलं. मग त्यांनी बोट थोडं बाजूला नेलं. "आणि हे तुमी. मी वाढतंय, तुमची मान काय वर येना नाय."

खरंच तुळशीदास होता. पानावर वाकून जेवत होता. वरण पडत होतं, आणि कोण वाढतंय ते त्याने पाहिलं नव्हतं. कॉपी त्यानेच काढली होती. या चित्रात आपली बायको आहे हे त्याला माहीतच नव्हतं.

वहिनी हसल्या. चेष्टाच केली होती त्यांनी, मनात काही धरलं नव्हतं. आजार सुरू झाल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. तुळशीदासला जे हवं होतं ते त्याला मिळालं, पण तो काही हसू शकला नाही. नंतरच्या दिवसांत त्यांनी तेवढीच पंगत पुन्हा पुन्हा लावायला सांगितली. नंदा येऊन लावून द्यायची. त्या गेल्या त्या दिवशीही कॅसेट मशीनमध्येच होती.

सुतकात टीव्हीवर चादर टाकली होती. तेरावं झाल्यावर तुळशीदासने ती काढली आणि नंदाला कॅसेट परत देऊ लागला. नंदा म्हणाली, "काका, राहू द्या तुमच्याकडे." त्याने ऐकलं नाही. लग्न तुझं आहे, म्हणाला, मला कॉपी पुरे.

मी चहा घेऊन गेले तेव्हा कॉपी उतरत होती. पूर्वी बटण दाबून निघून जाणारा हा माणूस या वेळी वहिनींच्या जागेवर जमिनीवर बसला होता. पंगत आली तेव्हा त्याने पॉज दाबला. अशाने कॉपी बिघडेल याचंही त्याला भान नव्हतं. वहिनी बादली घेऊन वाकलेल्या, तो मान वर करून त्यांच्याकडे बघत होता. मी चहा खाली ठेवला, तो त्याने घेतला नाही.

पण ते मशीन चित्र फार वेळ धरून ठेवत नाही. थोड्या वेळाने आपोआप खट्ट झालं, चित्र सुटलं आणि मथुरावहिनी पुढच्या पानाकडे सरकल्या.