कॅसेटमधली शिट्टी

नातीनं तिच्या पहिल्या रॅप अल्बमसाठी आमची जुनी कॅसेट लावली आणि मला पूर्ण्याचं रेल्वे क्वार्टर आठवलं. नामांतराच्या गाण्यांची आमची पहिलीच कॅसेट तिथं रेकॉर्ड केलेली. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना गोधड्या टांगलेल्या, आत घामाचा वास. गाड्यांच्या वेळा टाळून बसलो होतो, पण मालगाडीला कुठली वेळ? शेवटच्या कडव्यात तिनं लांब शिट्टी दिली आणि माझी ढोलकी थांबली. बायको मात्र आवाज चढवून गातच राहिली. गाणं संपल्यावर म्हणाली, "गाडीच्या शिट्टीनं थांबलाव, उद्या पोलीस आल्यावर काय करताल?"

त्या शिट्टीची मला कैक वर्षं लाज वाटायची.

"आबा, ही शिट्टी काढून टाकू का?" नातीनं विचारलं.

"राहू दे गं. तिथंच तुझ्या आजीचा आवाज सगळ्यात उंच हाय."