वरचा निम्मा माळ

माले गावात आमच्या घरामागे माळ होता. सातबाऱ्यावर तो पडीक. या शब्दाचा मला फार राग येई. पावसाळाभर आमच्या दोन गाई आणि म्हैस त्याच माळावर पोट भरत, चंडोल गवताच्या बुडाशी घरटं करी, टिटवी खडकाळ तुकड्यावर अंडी घाली. मग पडीक काय होतं त्यात?

२००४च्या आसपास आमच्याकडे सोयाबीनचं वारं आलं. नवऱ्याने शेजाऱ्याचं पीक बघितलं आणि माळ नांगरायचं डोक्यात घेतलं. मी नाही म्हटलं. बरेच दिवस घरात धुसफूस चालली. शेवटी सासूबाईंनी तोड काढली.

"खालचं निम्मं पेरा, वरचं निम्मं गवताला राहू द्या. दोघांचं बी ऱ्हायलं."

मी खूश, नवराही खूश. वरच्या माळाची वाट खालच्या निम्म्यातूनच जाते, हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. जन्म शेतीत गेला, आणि नेमकी तेव्हाच अक्कल चरायला गेली.

सोयाबीन गुडघ्याला लागलं तेव्हा कळलं. एका बाजूला ओढा दुथडी भरलेला, वरच्या अंगाला पुण्याच्या कुणा पार्टीने जागा घेऊन तारेचं कुंपण घातलेलं. मधून गाई न्यायला गेले, तर तांबडीने कासरा हिसडून बरंच पीक फस्त केलं. नवऱ्याने बाभळीच्या फांद्या लावून वाट बंद केली.

गुरं दावणीला अडकली. गोठ्यात शेणामुताचा चिखल, माश्या, आणि समोर वर हिरवागार माळ. तो दिसायचा म्हणून तर गाई जास्तच हंबरत. मला ते ऐकवत नसे.

"अवो, गाईपुरती वाट सोडा की मधनं," मी म्हणाले.

"सोयाबीनच्या चार वळी जातील वाटंत. दिवाळीपतोर कळ काढ. आन वरचं गवत नुसतं उभं वाळणार आसंल, तर फुडच्या साली त्ये बी नांगरतो."

म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गवत घरी आलं नाही तर माळ जाणार. मी विळा घेतला. सोयाबीनच्या कडेने वर जाणारा बांध माणसापुरताच रुंद होता. रोज भिजत वर जायचं, कापायचं, ओला भारा डोक्यावर घेऊन निसरड्या बांधावरून उतरायचं. भाऱ्यातलं पाणी मानेवरून पाठीत ओघळे. मान अशी धरे की कूस बदलता येत नसे. टिटवीच्या अंड्यांना मी लांबून वळसा घाली, तरी ती माझ्याच डोक्यावर ओरडत फिरे. तिला काय सांगणार? बाई गं, तुझ्यासाठीच मरतेय!

दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन निघालं, आणि चांगलं निघालं. पुढच्या पेरणीच्या तोंडावर मी पुन्हा वाटेचा विषय काढला. गवत वाया जाऊ दिलं नव्हतं, तेव्हा बोलायचा हक्क होता माझा.

नवरा पेरायची पाभर नीट करत होता. मान वर न करता म्हणाला, "वाट कशाला पायजेल? गेल्या साली आलंच की समदं गवत घरी. वरचा माळ ऱ्हाऊ दे तुला. न्हाई नांगरत."

"झालं की मग तुझ्या मनासारखं," सासूबाई म्हणाल्या.

झालं होतं खरं. माळ वाचला होता. गाई दावणीलाच राहणार होत्या, आणि मीही. मी कुडाच्या भिंतीत खोचलेला विळा काढला आणि धार लावायला बसले.