खिडकीबाहेर शिकलेली आत्या

वाचकहो, बहिऱ्या मुलीनं शिकावं की नाही, हे तिचं गाव कुणाच्या हद्दीत आहे यावरून ठरावं, हे तुम्हांला पटतं का?

सखूआत्या विषमज्वरानं गेल्याचं कार्ड मला साताऱ्यात मिळालं, त्याला महिना झाला. कार्डाच्या शेवटी एक ओळ होती, 'चंपा बोलायची थांबली आहे.' चंपा ही आत्याची नऊ वर्षांची मुलगी, जन्मापासून बहिरी. ती बोलत होती हेच आत्याचं कर्तृत्व... आणि त्याचीच शिक्षा दोघींना झाली.

आत्याचं गाव सांगलीपासून तीन कोसांवर, पण संस्थानाबाहेर, खालशात म्हणजे इंग्रजी मुलखात, सातारा जिल्ह्यात. सांगलीतल्या बहिऱ्या-मुक्यांच्या शाळेत ती गेली, तेव्हा कारकुनानं पोरीकडे न पाहता गाव विचारलं. "संस्थानाबाहेरची पोर. साताऱ्याला जा." साताऱ्यात मी चौकशी केली. "अशी शाळा इथं कुठली? सांगलीला आहे की!" दोन्ही उत्तरं इतकी तयार होती, की मला तेव्हाच संशय आला. आत्या मात्र हसली. "नदी दोन्ही काठांस्नी पानी देती रं. कारकूनच तेवढा एका काठाला बसतोय."

मग ती दर बाजारी वांग्यांची पाटी घेऊन त्या शाळेच्या खिडकीखाली बसू लागली. आत गुरुजी मुलाचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून आवाजाची थरथर दाखवत. तळहातावर कापूस ठेवून 'प' म्हणत तो उडवत. आत्या घरी येऊन चंपापुढं तेच करी. काही महिन्यांनी ती खिडकी बंद झाली. वाऱ्यामुळं, म्हणे. त्या दिवसांत झाडाचं पान हलत नव्हतं. पण तोवर चंपा 'आई', 'पानी', 'न्हाई' म्हणू लागली होती.

पुढं आत्यानं चंपाचं राहतं घर म्हणून सांगलीतल्या नणंदेचा पत्ता दिला, तेव्हा नाइलाजानं परीक्षा घेतली गेली. मी बरोबर होतो. गुरुजी समोर उभं राहून 'पाणी' म्हणाले. त्यांचे ओठ पाहून चंपा 'पानी' म्हणाली.

"ही तर बोलते," व्यवस्थापक लगेच म्हणाले. "जागा मुक्यांसाठी आहे."

"आवं, बोलती, पर ऐकती का? मागनं हाक मारून बघा की!"

कुणीच हाक मारली नाही. का मारली नाही?... बाहेर व्हरांड्यात आमच्याच तालुक्यातल्या एका बड्या घरची मुलगी पाटी घेऊन बसली होती. तिला कुणी गाव विचारलं होतं का, मला ठाऊक नाही. संशय आहे, आणि तो मी लपवत नाही.

परतताना आत्या एकदाच बोलली. "मीच घात केला रं पोरीचा. शिकीवलंच नसतं, तर घेतली असती." ते ओझं घेऊनच ती गेली.

मी चंपापुढं बसून पाहिलं. ती माझ्या गळ्यावरून हात काढून घेते. आत्याची रीत मला येत नाही; आता ती त्या शाळेतच उरली आहे. येत्या बाजारादिवशी चंपाला घेऊन मी शाळेच्या दारात बसणार आहे. सांगलीकरांनो, या. विशेषतः ज्यांची मुलं आत शिकतात त्या आयांनी यावं, कारण तुमचं म्हणणं व्यवस्थापकांना टाळता येत नाही. आमच्याशेजारी बसा, आणि चंपाचं नाव पटावर चढेपर्यंत उठू नका.