ताराताईंनी पास केलेली बॅग

घरात चिंध्या कोणी मुद्दाम साठवत नाही, त्या साठतात. आमच्या शिवण ग्रुपच्या किश्शांचंही तसंच झालंय. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत दर मंगळवारी दुपारी आम्ही सात-आठ बायका जमतो. शिवण तासभर, बाकी गप्पा! यंदा हरसूलकडच्या मुलींच्या एका वसतिगृहात गरम पाण्यासाठी सोलर बसवून द्यायचं ठरलं आणि त्यासाठी आम्ही लकी ड्रॉ काढला. बक्षीस एकच, आम्ही हाताने शिवलेली बॅग. हे सगळे किस्से त्या एका बॅगेचे.

*

ग्रुपच्या प्रमुख ताराताई. त्यांनी नोकरीभर प्रेसमध्ये नोटा तपासल्या. त्या रिटायर झाल्या, त्यांची नजर झाली नाही. आमचे टाके भिंग घेऊन बघतात आणि दोनच शब्द बोलतात, "पास" नाहीतर "रिजेक्ट".

एकदा मी घरून उपमा नेला. ताराताईंनी तो चमच्याने उलटापालटा केला.

"काजू सगळे एका बाजूला गेलेत. रिजेक्ट!"

खाल्ला मात्र दोनदा घेऊन.

*

हिराबाई मूळच्या हरसूलकडच्या, आता इथे मुलाकडे राहतात. गोधडी शिवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. बॅग गोधडीसारखी करायची कल्पनाही त्यांचीच. पण ताराताईंना नाव इंग्रजी हवं होतं.

"पोस्टरवर 'क्विल्टेड बॅग' लिहू. जरा स्टँडर्ड वाटेल."

हिराबाईंची सुई थांबली. "कुलटा? अहो ताराताई, चांगल्या पिशवीला असं वंगाळ नाव कशाला?"

पोस्टरवर 'गोधडीची बॅग' असंच छापलं.

*

बॅगेसाठी हिराबाईंनी जुन्या कापडांचं एक गाठोडं आणून दिलं आणि त्या भाताच्या आवणीला गावी गेल्या. आम्ही कापडं काढली, बेतली, कापली. पण मधल्या चौकोनासाठी ताराताईंना एकही तुकडा पसंत पडेना. सगळे रिजेक्ट!

मग त्यांचं लक्ष गाठोडं ज्यात बांधलं होतं त्या फडक्याकडे गेलं. हिरवंगार, लाल काठाचं.

"हे बघा, सगळ्यात चांगला माल बाहेर! पास."

आणि कात्री चालवली.

पंधरा दिवसांनी हिराबाई आल्या. बॅग हातात घेतली, टाके बघितले, छान झालीय म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघत विचारलं, "गाठोड्याचं फडकं कुठं हाय?"

"अहो, तेच तर मधे लावलंय!" ताराताई कौतुकाने म्हणाल्या.

हिराबाईंनी त्या चौकोनावरून हात फिरवला. "आईचं लुगडं व्हतं. तेवढंच राहिलं व्हतं माझ्यापाशी."

आम्हाला कुठे बघावं कळेना. ताराताईंनी लगेच कात्री उचलली, "आत्ता उसवते." पण तोवर बॅगेचा फोटो कॉलनीच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला होता आणि बरीच तिकिटंही खपली होती.

"नको," हिराबाई म्हणाल्या. "लोकांनी हीच पिशवी बघून तिकिटं घेतली. आमच्याकडच्या पोरींचं काम हाय."

त्या मंगळवारी ताराताईंनी कोणाचाही टाका तपासला नाही.

*

बॅगेची टेस्ट माझ्या घरी झाली. ताराताईंनी बॅगेत पाच किलो कांदे भरले आणि ती आमच्या बेडरूमच्या दाराच्या हँडलला लटकवून दिली. तासाभराने धाडकन आवाज! धावत गेलो, तर बॅगेचे बंद शाबूत आणि हँडल जमिनीवर.

"बॅग पास," ताराताई म्हणाल्या. "दार रिजेक्ट."

आमचे हे कांदे गोळा करता करता खूश. "भाजीला हीच बॅग पाहिजे!" म्हणाले आणि एक तिकीट घेतलं. एकच. मी म्हटलं, एवढी हौस आहे तर दोन तरी घ्या. पण नाही.

*

हिराबाईंनाही मी ताराताईंसमोर म्हणून पाहिलं, एखादं तिकीट घ्या, नशिबात असेल तर लुगडं परत येईल.

"आईच्या लुगड्यावर चिठ्ठी काढू? नाय बाई, आपल्याला नाय जमायचं."

ताराताई भिंग पुसत बसल्या. चांगलं स्वच्छ होतं ते.

*

ड्रॉ कॉलनीच्या हॉलमध्ये झाला. चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या. चिठ्ठी काढायला ताराताई, कारण त्यांच्या नजरेवर कोणी शंका घेणार नाही. त्यांनी डब्यात हात घातला, चिठ्ठी उघडली, भिंगातून दोनदा वाचली. मग माझ्याकडे एकदा बघितलं आणि माइकवर म्हणाल्या, "हिराबाई!"

टाळ्या पडल्या. पण मागच्या रांगेतून हिराबाई उठून उभ्या राहिल्या. "अहो, पण मी तिकीटच नाय घेतलं!"

पहिल्या रांगेत आमचे हे मान उंच करून बघायला लागले.

ताराताईंनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. "तुम्ही तपासा."

मी उघडली. माझ्याच अक्षरात आमच्या ह्यांचं नाव होतं.

"पास," मी म्हटलं.